हिशेबापासून हेश्बोनपर्यंत : बडोद्यात राहून हिब्रू शिकू पाहणाऱ्यांसाठी

‘सन’, ‘हिशेब’, ‘हुकूम’, ‘ऐन वेळी’, ‘सलाम’ हे शब्द आपण रोज वापरतो. ते फारसीच्या हाताला धरून अरबीतून मराठीत आले, इतके बहुतेकांना ठाऊक असते. त्यांचे सख्खे भाऊबंद हिब्रूत आहेत, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. सन म्हणजे वर्ष, आणि हिब्रूत वर्षाला ‘शाना’ म्हणतात. सलामचा भाऊ ‘शालोम’. ऐन म्हणजे मुळात डोळा; हिब्रूत डोळा ‘आयिन’, आणि तेच तिथल्या एका अक्षराचेही नाव. हिशेबाच्या मुळाशी असलेला धातू हिब्रूत ‘हाशव’, म्हणजे मोजणे, विचार करणे, त्यावरून ‘हेश्बोन’. हुकूम आणि हकीम या दोन्ही शब्दांमागचा धातू तिथे शहाणपणाचा आहे, ‘होखमा’. औरंगाबादेत मलिक अंबरने नहर बांधली, तेव्हा ‘मलिक’ आणि ‘नहर’ असे दोन शब्द एकत्र आले : हिब्रूत ‘मेलेख’ म्हणजे राजा आणि ‘नाहार’ म्हणजे नदी.

हिब्रू धर्मग्रंथ मुळातून वाचावेत, जुन्या सेमिटिक भाषांची ओळख करून घ्यावी, असे वाटणारे वाचक आपल्यात आहेत. कुणी ख्रिस्ती घरातले, कुणी इतिहासाचे विद्यार्थी, कुणी संस्कृत शिकून पुढची वाट शोधणारे. ही विद्या फार दूरची आहे असे मानून ते थांबतात. मराठी माणूस या अभ्यासाला रिकाम्या हाताने जात नाही, हे दाखवावे आणि पुढची पावले क्रमाने सांगावीत, म्हणून हा लेख.

आपल्या गावाची शिदोरी

बडोद्याने परक्या विद्येला कधी परके मानले नाही. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी विठ्ठल रामजी शिंदे यांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकायला जाण्यासाठी प्रवासखर्च दिला. शिंदे तिथे १९०१ ते १९०३ या काळात शिकले. पुढे आल्बन विजरी हे तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास या विषयांचे प्राध्यापक म्हणून बडोद्यात आले. १९१६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले, आणि याच संस्थेने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत पूर्ण केली. हस्तलिखिते गोळा करायची, ओळीला ओळ लावून ताडून पाहायची, प्रत्येक पाठभेद तळटीपेत नोंदवायचा, हे काम या गावाने पाहिले आहे. हिब्रू ग्रंथांचा अभ्यास नेमकी हीच शिस्त मागतो.

मराठी भाषेचीही यात मोठी कमाई आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीत हिब्रू व्याकरण छापले, ते कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, तो हा समाज. त्यातल्या जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा हगादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने या समाजाने मराठी कीर्तनांत रंगवली. आणि पंडिता रमाबाई केडगावला मुक्ती मिशनचा सारा व्याप सांभाळत हिब्रू व ग्रीक शिकल्या, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या याच कामात होत्या. वय झाले, वेळ नाही, असे मनात आले की रमाबाईंची आठवण ठेवावी.

आधी ग्रंथ म्हणजे काय ते नीट समजून घ्या

ख्रिस्ती परंपरा ज्याला ‘जुना करार’ म्हणते, त्याला यहुदी परंपरा ‘तनाख’ म्हणते. तोरा, नविईम म्हणजे संदेष्टे, आणि कतुविम म्हणजे लेख, या तीन विभागांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. यहुदी गणनेत ग्रंथ २४, प्रोटेस्टंट गणनेत ३९. मजकूर तोच, विभागणी वेगळी. ग्रंथांचा क्रमही वेगळा. रूथचे पुस्तक मराठी बायबलात शास्त्यांच्या पुस्तकानंतर येते, तनाखात ते ‘लेखां’मध्ये आहे.

सगळा मजकूर हिब्रूतही नाही. दानीएलच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौथ्या ओवीपासून सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत आणि एज्राच्या काही भागांत भाषा अरामी आहे. यिर्मयात एक ओवी अरामी आहे, उत्पत्तीत दोनच शब्द. म्हणून अरामी हा पुढचा वेगळा विषय नव्हे. ती याच अभ्यासाची दुसरी खोली आहे.

पहिले दोन महिने : अक्षरे

हिब्रूत २२ अक्षरे, सगळी व्यंजने. लेखन उजवीकडून डावीकडे. स्वरांच्या खुणा, म्हणजे अक्षरांच्या खालीवर येणारे ठिपके आणि रेघा, पुष्कळ नंतर आल्या. इ. स. सातव्या ते दहाव्या शतकांत तिबेरियास इथल्या मासोरेत पंडितांनी परंपरागत उच्चार टिकावा म्हणून त्या बसवल्या. यहुदी प्रार्थनामंदिरातली तोराची गुंडाळी आजही स्वरखुणांविना लिहिली जाते.

रोज तीन अक्षरे हाताने लिहा. मोबाइलवर ओळखता आली म्हणजे आली असे समजू नका. हाताला वळण बसले की डोळा चुकत नाही. दालेथ आणि रेश, बेथ आणि काफ, ‘हे’ आणि ‘हेथ’ या जोड्या फसव्या आहेत. जुने लेखकही त्यांत फसले. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात ज्या लोकांचे नाव ‘दोदानीम’ आहे, तेच पहिल्या इतिहासाच्या पहिल्या अध्यायात ‘रोदानीम’ होते. द आणि र यांच्यातला एक कोपरा काय तो गोल झाला. ज्याने मोडी वाचली आहे त्याला हा अनुभव नवा वाटणार नाही.

उच्चारांत आपल्याला एक सोय आहे. ‘साधे’ हे अक्षर आधुनिक उच्चारात ‘त्स’ होते. ‘चाक’ आणि ‘चोर’ यांतला आपला दंततालव्य च त्याच्या अगदी जवळचा. कठीण जाते ते घशातून येणारे हेथ आणि आयिन. त्यासाठी कुराणपठण जाणणाऱ्या एखाद्या अरबीच्या शिक्षकांकडे चार दिवस बसावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात फारसी, अरबी आणि उर्दूचा विभाग आहे. अरबीची तोंडओळख तिथे झाली तर हिब्रूचा अर्धा घाट तिथेच चढून होतो.

व्याकरण : संस्कृतची सवय कामी आणा, पण तिच्यात अडकू नका

सेमिटिक भाषांचा कणा म्हणजे तीन व्यंजनांचा धातू. क-त-ब पासून अरबीत किताब आणि कातिब, हिब्रूत ‘कातव’, त्याने लिहिले. व्यंजने जागेवर राहतात, स्वर त्यांच्यामधून फिरतात. मराठीत ‘मरणे’चे ‘मारणे’ होते, ‘पडणे’चे ‘पाडणे’ होते, तेव्हा आपणही शब्दाच्या पोटातला स्वर बदलूनच अर्थ बदलतो. हिब्रूने हीच युक्ती साऱ्या क्रियापदांवर चालवली. क्रियापदाचे मुख्य साचे सात, त्यांना ‘बिन्यान’ म्हणतात, म्हणजे बांधणी. त्यातला ‘हिफिल’ साधारणपणे आपला प्रयोजक, बसणे–बसवणे यांसारखा.

आणखी एका जागी मराठी माणूस पुढे असतो. हिब्रूत मध्यमपुरुषी क्रियापदालाही लिंग असते. पुरुषाला ‘हालाख्ता’, स्त्रीला ‘हालाख्त’. इंग्रजी पाठ्यपुस्तके यावर पाने खर्च करतात. आपल्याला ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ एवढे आठवले की पुरते. हिब्रूत द्विवचनाचे अवशेषही आहेत, डोळे, कान, हात अशा जोडीच्या अवयवांसाठी. संस्कृत शिकलेल्याला ते लगेच ओळखू येतील.

अडखळायला होते ते षष्ठीत. ‘राजाचे घर’ म्हणताना आपण राजाला प्रत्यय लावतो. हिब्रू ‘घर’ हा शब्द आधी ठेवते आणि त्याचेच रूप आखडते : ‘बायिथ’चे ‘बेथ’ होते, मग राजा येतो. मालकीची खूण मालकावर नसते, मालकीच्या वस्तूवर असते. हे एकदा डोक्यात बसले की बेथलेहेमसारखी गावांची नावे आपोआप उलगडू लागतात. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर.

पुस्तक एकच निवडा आणि ते शेवटपर्यंत न्या. वाइनग्रीन यांचे १९३९ चे व्याकरण सुटसुटीत आहे. लॅम्बडिन यांचे १९७१ चे अधिक काटेकोर. तीन पुस्तके अर्धी वाचण्यापेक्षा एक पूर्ण वाचलेले बरे. कोशासाठी ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा १९०६ चा कोश अजून उपयोगी आहे, पण तो धातुक्रमाने लावलेला आहे. ‘मत्ताना’ म्हणजे देणगी हा शब्द म खाली सापडत नाही. ‘नातान’, देणे, या धातूखाली सापडतो, कारण मूळचा न पुढच्या त मध्ये विरघळला आहे. सुरुवातीला याचा त्रास होतो. तो टाळू नका. धातू शोधण्याची ही खटपटच खरे शिक्षण आहे.

पहिला ग्रंथ : रूथ किंवा योना

उत्पत्तीपासून सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मी रूथपासून करा असे म्हणेन. चार अध्याय, ८५ ओव्या, घरगुती गोष्ट, सोपे गद्य. सासू-सून, दुष्काळ, शेतातला सर्वा वेचणे, गावाच्या वेशीत बसून केलेला निवाडा. यातले काहीच आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. या पुस्तकात ‘हेसेद’ हा शब्द तीनदा येतो. दया म्हणावे तर निष्ठा सुटते, निष्ठा म्हणावे तर माया सुटते. तीन ठिकाणी तीन मराठी भाषांतरे काय म्हणतात ते वहीत शेजारी शेजारी लिहा. एवढ्या एका कामातून भाषांतर म्हणजे काय हे जितके कळेल, तितके दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

पाठोपाठ योना घ्या, ४८ ओव्या. पहिल्या अध्यायात ‘यारद’, उतरणे, या क्रियापदावर बोट ठेवा. योना याफोला उतरतो, गलबतात उतरतो, गलबताच्या तळाशी उतरतो. दुसऱ्या अध्यायात पर्वतांच्या मुळांपर्यंत उतरतो. कथाकाराने पळणाऱ्या माणसाची सारी वाट एकाच क्रियापदाच्या पायऱ्यांवर बांधली आहे. भाषांतरात कुठे ‘गेला’, कुठे ‘चढला’ असे झाले की पायऱ्या नाहीशा होतात. मूळ वाचायचे ते अशासाठी.

तिसरा ग्रंथ म्हणून एस्तेर घेतलात, तर पहिल्याच ओवीत ‘होद्दू’ भेटेल : हा हिंदुस्थान. थोडे पुढे राजवाड्याच्या पडद्यांच्या वर्णनात ‘कर्पास’ येतो. तो संस्कृत ‘कार्पास’, आपला कापूस, फारसीच्या वाटेने तिथे पोचलेला. भडोच-बडोद्याच्या काळ्या जमिनीवर राहणाऱ्याने या शब्दापाशी घटकाभर थांबावे.

पाठचिकित्सा : प्रत हातात घेण्यापूर्वी

हिब्रू बायबलची अभ्यासकांत रूढ असलेली श्टुटगार्ट आवृत्ती उघडली, की वर मजकूर आणि खाली बारीक खुणांच्या टीपा दिसतात. रामायणाच्या बडोदा आवृत्तीशी किंवा भांडारकर संस्थेच्या महाभारताशी ती दिसायला सारखी, पण तिचे तत्त्व वेगळे आहे. आपल्या संपादकांनी अनेक हस्तलिखितांतून निवडून जुन्यात जुना पाठ उभा केला. तो जसाच्या तसा कोणत्याही एका पोथीत नाही. श्टुटगार्ट आवृत्ती मात्र एकच हस्तलिखित, इ. स. १००८ च्या सुमाराची लेनिनग्राड पोथी, जशीच्या तशी छापते आणि भेद खाली देते. म्हणजे वरची ओळ हा संपादकाचा निर्णय नसतो. निर्णय तुम्हाला घ्यायचा असतो.

त्यासाठी साक्षीदार ओळखायला हवेत. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून तयार होत गेलेले ग्रीक भाषांतर. शोमरोनी परंपरेची तोरा. सीरियाक आणि लॅटिन भाषांतरे. आणि १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरान गुहांत सापडलेल्या गुंडाळ्या. त्यांतली यशयाची मोठी गुंडाळी लेनिनग्राड पोथीहून सुमारे हजार वर्षे जुनी. दोन्ही शेजारी ठेवल्या की लेखनाचे आणि शब्दांचे पुष्कळ बारीक भेद दिसतात, तरी ग्रंथ तोच राहिलेला दिसतो. पदपाठ आणि घनपाठ करून वेद राखणाऱ्या परंपरेतल्या माणसाला, अक्षरे मोजून ग्रंथ राखणारे मासोरेत परके वाटू नयेत. त्यांनी मूळ लिखाणात हात घातला नाही. जिथे वाचन वेगळे होते तिथे लिहिलेले ‘केथीव’ तसेच ठेवले आणि समासात वाचायचे ‘केरे’ नोंदवले. मतभेद पुसून न टाकता जपून ठेवण्याची ही रीत कोणत्याही अभ्यासकाने उचलावी.

बहिणभाषा : कधी आणि कोणत्या क्रमाने

वर्षभर हिब्रू झाल्यावर अरामी घ्या. रोझेनथाल यांचे छोटे व्याकरण पुरते. अरामीला आपण दूरची समजू नये. अशोकाचे कंदाहारचे लेख अरामीतही आहेत, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी खरोष्ठी लिपी अरामी लिपीवरूनच घडली.

मग अक्कादी. बॅबिलोन आणि अ‍ॅसिरियाची ही भाषा मातीच्या पाट्यांवर कीलाक्षरांत लिहिलेली आहे. चिन्हे शेकड्यांनी आहेत, त्यामुळे घाई चालत नाही. तिच्या उलगड्यात आपला एक धागा आहे. मुंबईच्या कंपनी सरकारात १८२७ साली दाखल झालेल्या हेन्री रॉलिन्सन यांनी पुढे इराणमधल्या बेहिस्तूनचा त्रिभाषिक शिलालेख उतरवून घेतला. त्यातली जुनी फारसी उकलायला अवेस्ता आणि संस्कृतचे ज्ञान उपयोगी पडले, अक्कादी उकलायला हिब्रू आणि अरबीचे. १८५७ साली चार विद्वानांनी एकच लेख एकमेकांना न दाखवता भाषांतरित केला. चौघांची भाषांतरे पुरेशी जुळली आणि ही भाषा वाचता येते हे सिद्ध झाले. शिकागोचा अक्कादी कोश १९२१ साली सुरू झाला, २०११ साली पूर्ण झाला आणि आज संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतो.

उगारिती शेवटी. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे १९२९ साली तिच्या पाट्या निघाल्या. चिन्हे ३०, आणि काव्य असे, की स्तोत्रसंहितेतली जुळ्या चरणांची रचना तिथे आधीच घडलेली दिसते.

तीन ठिकाणी सावध राहा

पहिले, नादसाम्य. ‘अब्राहाम आणि ब्रह्म’, ‘सारा आणि सरस्वती’ अशा जोड्या फार फिरतात. शब्द सारखे वाटणे हा पुरावा नव्हे. ध्वनींचा नियम लागतो. सलाम–शालोम, सन–शाना, अरबी हिसाब–हिब्रू हेश्बोन : अरबी स च्या जागी हिब्रू श, ओळीने. हा नियम झाला. उलट, हिसाबचा मराठीत ‘हिशेब’ झाला त्यातला श आपल्या उच्चाराच्या वळणाचा. त्याचा हिब्रूशी संबंध नाही. दोन्ही श कानाला एक, इतिहासाला वेगळे. हा फरक करता आला की तुम्ही अभ्यासक झालात.

दुसरे, एका शब्दाला एकच अर्थ चिकटवणे. ‘रूअह’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा; ‘नेफेश’ म्हणजे गळा, श्वास, जीव. उपदेशकातला ‘हेवेल’ मुळात वाफ आहे, ‘व्यर्थ’ हा नंतरचा अर्थ. आपल्या ‘प्राण’ आणि ‘जीव’ यांच्याकडे पाहिले तर हे समजते, पण म्हणून रूअहच्या जागी आत्मन् ठेवून उपनिषदे आत घुसवू नयेत.

तिसरे, श्रद्धा आणि चिकित्सा यांची फारकत. हे ग्रंथ जिवंत समाजांचे पूजनीय ग्रंथ आहेत. पाठभेद मोजणारा हात नम्र असला पाहिजे.

कुठे जावे, कसे बसावे

कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्त आणि बॅबिलोनच्या वस्तू आहेत. गर्दी ममीभोवती असते, तुम्ही थोडा वेळ बाकीच्या वस्तूंना द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अ‍ॅसिरियाच्या राजवाड्यांतले शिल्पपट पाहा. अहमदाबादच्या खमासात १९३४ साली बांधलेले मागेन अब्राहम आणि पुण्यातले १८६७ चे ओहेल दाविद, म्हणजे लाल देऊळ, ही प्रार्थनामंदिरे आहेत. आधी परवानगी घ्या, डोके झाका, शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, तिथे लिहू नका, फोटो काढू नका. गुंडाळीला कुणी बोट लावत नाही. चांदीच्या दर्शकाने ओळ दाखवत वाचतात. पद्धतशीर शिक्षण हवे असेल तर पुण्यातल्या ज्ञानदीप आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी अशा ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या संस्थांकडे चौकशी करा. घरी बसून मूळ मजकूर वाचायला ‘सेफारिया’ हे विनामूल्य संकेतस्थळ चांगले.

रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस. दहा मिनिटे कालचे मोठ्याने वाचन, दहा मिनिटे नवीन रूपे, दहा मिनिटे एक ओवी. सातव्या दिवशी नवे काही नको, फक्त उजळणी. शक्य तर दोघे मिळून बसा. यहुदी परंपरेत जोडीने वाचण्याची रीत आहे, आणि एकाने चुकायचे, दुसऱ्याने धरायचे, यात पाठ पक्का होतो.

या क्रमाने गेलात तर वर्षाअखेर तुम्ही योनाच्या तिसऱ्या अध्यायाशी पोचाल. तिथे तो निनवे शहरात शिरून अवघ्या पाच शब्दांची घोषणा करतो. पाचवा शब्द ‘हाफाख’ या धातूचा. त्याचा अर्थ उलथून नष्ट होणे असाही होतो आणि आतून बदलणे असाही. योनाला पहिला अर्थ हवा होता. शहराने दुसरा खरा केला. बहुतेक भाषांतरांना यातला एकच निवडावा लागतो. मराठीत मात्र ‘पालटणे’ आहे, जे उलटे होणेही आहे आणि बदलणेही. वहीत त्या ओवीखाली हा शब्द स्वतःच्या हाताने लिहा.